बर्फ हा पाऊसच: गोव्याहून सिमला, नाताळाआधीचे चार दिवस

गोव्यातून बर्फ बघायला निघालेली माणसं थंडीची तयारी करून जातात, आणि तिथे त्यांना छळते ती ओल. बॅगेत चार स्वेटर असतात, पायात मात्र रोजचे कापडी बूट. अर्धा तास बर्फात खेळलं की बूट आतून भिजतात आणि उरलेला दिवस गाडीत पाय चोळत बसण्यात जातो. खरं तर ओलीशी कसं वागावं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जून ते सप्टेंबर आपण तेच करत असतो. बर्फ हा गोठून पडलेला पाऊसच. कपड्यांवर पडतो, अंगाच्या उबेने वितळतो, आणि मग पाण्यासारखाच शिवणीतून आत शिरतो. हे डोक्यात पक्कं बसलं की काय न्यायचं आणि काय घरी ठेवायचं हे आपोआप ठरतं.

आम्ही फोंडा-पणजीकडची काही घरं मिळून ही सहल करतो. सहसा मुक्तिदिनाला जोडून निघतो. १९ डिसेंबरची सुट्टी असते, शाळांची नाताळची सुट्टी तोंडावर आलेली असते, आणि २३ तारखेच्या आत घरी परत येता येतं. २४ तारखेच्या रात्री शेजारी मिसाला जातात, २५ ला कुसवाडाची, म्हणजे नाताळच्या फराळाची, ताटं घरोघर फिरतात, तेव्हा घराला कुलूप असणं बरं दिसत नाही. शिवाय २४ ते ३१ डिसेंबर सिमल्यात गर्दीचा कहर असतो. खोल्यांचे भाव चढलेले, मॉल रोडवर पाय ठेवायला जागा नाही. तोच देखावा आदल्या शनिवार-रविवारी पुष्कळ निवांतपणे बघायला मिळतो. रोषणाई तोवर लागलेली असते.

एक गोष्ट घरातल्या मुलांना आधीच सांगून ठेवावी. सिमला शहरात नाताळाला बर्फ पडतोच असं नाही. बहुतेक वर्षी नसतो. तिथला मोठा बर्फ जानेवारी-फेब्रुवारीचा. डिसेंबरात बर्फ हवा असेल तर शहराच्या वर जावं लागतं, म्हणून एक अख्खा दिवस वरच्या नारकंडा गावासाठी राखून ठेवावा.

आता प्रवास. रेल्वेने मडगावहून चंदीगडला थेट गाडी आहे, पण दीड-दोन दिवस नुसते जाण्यात जातात. चार दिवसांच्या सहलीला विमानच हवं. चंदीगडला थेट विमान मिळालं तर उत्तम, नाहीतर दिल्लीत बदलून. इथे सगळ्यात जास्त घोळ धुक्याने होतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात पंजाब-दिल्लीच्या सपाट मुलखात मध्यरात्रीपासून सकाळी दहापर्यंत दाट धुकं बसतं आणि सकाळची विमानं तासन्‌तास लटकतात. म्हणून जाताना आणि येताना दोन्ही वेळा विमान दुपारचं घ्यावं. दिल्लीत बदलायचं असेल तर मध्ये किमान तीन तास सोडावेत, आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडतात.

मोपाच्या विमानतळाहून निघणाऱ्यांनी पणजीहून साधारण ३५ किलोमीटर धरावेत, कदंबची बस जाते. वास्को-मडगावकडच्यांना दाबोळी जवळ. तिकीट काढताना विमान कुठल्या विमानतळावरून सुटतं ते नीट वाचावं. दोन्हींवर गोव्याचंच नाव असतं, आणि चुकीच्या विमानतळावर पोचलेला माणूस वेळेत दुसरीकडे पोचत नाही.

सामान १५ किलोत बसवायचं तर सगळ्यात जड वस्तू अंगावर घालून विमानात चढायचं, म्हणजे जाकीट आणि बूट. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, मोठ्या सामानात टाकली तर बॅग उघडायला बोलावतात. सुकं खोबरं नेऊ नये. त्यात तेल भरपूर, ते पेट घेणाऱ्या मालात मोडतं आणि काढून ठेवायला लावतात. खोबऱ्याची चटणी न्यायचा बेत असेल तर शेंगदाण्याची करावी. आणि खोबरेलाची बाटली घरीच ठेवावी. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, सिमल्यात ते बाटलीतून बाहेरच येत नाही. त्याऐवजी व्हॅसलिनची डबी न्यावी. ओठ, नाकपुड्या, टाचा आणि हाताची बोटं यांना दिवसातून तीनदा लावावं. तिथली हवा इतकी कोरडी असते की दुसऱ्या दिवशी ओठांतून रक्त येतं. आपल्या दमट हवेत वाढलेल्या कातडीला हा अनुभवच नसतो.

कपडे तीन थरांत घालावेत. अंगाला चिकटून थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, आणि सगळ्यात वर पाणी आणि वारा अडवणारं काहीतरी. हा वरचा थर आपल्या प्रत्येक घरात खुंटीला टांगलेला आहे: पावसाळ्यात स्कूटरवर घालायचा रेनकोट, पँटसकट. तो सैल असतो, त्यामुळे खाली दोन थर मावतात, आणि बर्फात बसलं तरी मागची बाजू भिजत नाही. सुती बनियन आणि जीन्स मात्र बर्फाच्या दिवशी खोलीवर ठेवाव्यात. सुती कापड पाणी धरून ठेवतं, वाळत नाही, आणि ओलं झालं की अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर थोडी ओली झाली तरी उबदार राहते. लोकरी टोपी, हातमोजे, मोजे गोव्यात शोधत फिरू नयेत. सिमल्यात लक्कड बाजारापाशी तिबेटी बाजार आहे, तिथे ते पोचल्या दिवशी घेता येतात. थर्मल तेवढं इथून न्यावं, कारण पहिली थंडी सिमल्याची छोटी गाडी जिथून सुटते त्या कालक्याच्या फलाटावरच गाठते.

पायांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावं. नवे बूट विकत घेण्याची गरज नाही. वर बर्फाच्या वाटेवर लांब कोट आणि गमबूट भाड्याने देणारी दुकानं लागतात. पण गमबूट हा आपल्या शेतातल्यासारखाच रबराचा, त्याला स्वतःची ऊब अजिबात नाही. आत दोन जोड मोजे लागतात: आतला पातळ, बाहेरचा जाड लोकरीचा. म्हणून बूट नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा मागावा. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर रक्त नीट फिरत नाही आणि बोटं जास्तच गारठतात. भाड्याचे गमबूट घालण्याआधी आत हात घालून तळ कोरडा आहे का ते बघावं. आदल्या गिऱ्हाइकाच्या पायाची ओल बऱ्याचदा तशीच असते. ओला असेल तर निःसंकोच दुसरा जोड मागावा. भाड्याचा कोट फारसा उपयोगी नाही. जड असतो, बाहेरून भिजतो आणि लवकर वाळत नाही. आपला रेनकोट त्याहून चांगला. प्रत्येकाने कोरड्या मोज्यांचा एक जादा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात ठेवावा. गाडीत परत बसताक्षणी ओले मोजे काढायचे, पाय पंच्याने पुसायचे, कोरडे घालायचे. एवढं केलं की मुलं संध्याकाळपर्यंत हसत राहतात.

पहिली रात्र चंदीगड किंवा कालक्यात काढावी. विमानतळापासून कालका तासाभराच्या अंतरावर, गर्दीत दीड तास. पहाटेच्या छोट्या गाडीसाठी कालक्यातच राहिलेलं बरं. सकाळची पहिली महत्त्वाची गाडी पावणेसहाच्या सुमारास सुटते, दुपारी बाराच्या सुमारासही एक आहे. वेळा तिकीट काढताना पुन्हा बघाव्यात. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. म्हणजे २० डिसेंबरचं तिकीट २१ ऑक्टोबरला. ऐन दिवाळीच्या दिवसांत आठवण राहत नाही, म्हणून कालनिर्णयावर आधीच खूण करून ठेवावी. नाताळाआधीच्या शनिवारच्या जागा फार थोड्या वेळात संपतात.

ही गाडी म्हणजे सहलीतलं रत्न आहे, आणि वेळ वाचवायला ती टाळू नये. १९०३ साली सुरू झालेला ९६ किलोमीटरचा मार्ग, रुळांतलं अंतर जेमतेम अडीच फूट, १०२ बोगदे, आठशेहून जास्त पूल आणि ९१९ वळणं. २००८ साली त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. कालका समुद्रसपाटीपासून ६५६ मीटरवर, सिमला स्थानक सुमारे २,०७५ मीटरवर. पाच-साडेपाच तासांत गाडी इतकी चढते, आणि ती चढण खिडकीतून दिसत जाते: आधी निवडुंग आणि बांबू, मग चीड, शेवटी देवदार. कोकण रेल्वेच्या करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा पाहिलेल्यांना इथला सगळ्यात लांब, बडोगचा १,१४३ मीटरचा बोगदा लहान वाटेल. पण तो त्या काळी खणलेला आहे, आणि तो संपताच बडोग स्थानकावर गाडी थांबते, गरम चहा मिळतो. थांबा थोडा असतो, तेव्हा सगळ्यांनी एकदम उतरू नये. डब्यात जागा अगदी अरुंद, मोठ्या बॅगा ठेवायला सोय नाही. माणशी एक मध्यम पिशवी, याहून जास्त आणलं तर पाच तास ती मांडीवर येते. वळणांनी ज्यांना मळमळतं त्यांनी रिकाम्या पोटी बसू नये आणि भरपेट खाऊनही बसू नये. दोन उंडे (गोव्याचे गोल पाव) आणि आवळासुपारी पुरते. उंडे आदल्या दिवशी पोदेराकडून आणलेले असले तरी त्या थंडीत चांगले टिकतात.

सिमल्याला पोचल्यावर लक्षात ठेवायची बाब अशी की मॉल आणि रिज या भागात गाड्या जात नाहीत. खालच्या कार्ट रोडवर उतरून लिफ्टने किंवा चढून वर जावं लागतं. हॉटेल ठरवताना 'गाडी दारापर्यंत येते का, नाहीतर किती पायऱ्या' हे विचारावं. आजी-आजोबा बरोबर असतील तर हा प्रश्न खोलीच्या भाड्याहून महत्त्वाचा आहे. दुसरा प्रश्न हीटरचा. बऱ्याच ठिकाणी त्याचे पैसे वेगळे घेतात, तेव्हा ते आधीच ठरवून घ्यावं. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत कधीही, कुणीही आग्रह केला तरी, घेऊ नये. कोळशाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस दगावतो. दर हिवाळ्यात उत्तरेत अशी माणसं जातात. गरम पाण्याची रबरी पिशवी पांघरुणात पायाशी ठेवली की रात्र छान जाते.

शनिवारची संध्याकाळ रिजवर घालवावी. तिथल्या क्राइस्ट चर्चची पायाभरणी १८४४ साली झाली. गोव्यातल्या पांढऱ्याशुभ्र चर्चपुढे ते वेगळं दिसतं: फिकट पिवळं, उंच मनोऱ्याचं, आत रंगीत काचांच्या खिडक्या. ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, प्रोटेस्टंट. आपल्या बरोबर कॅथलिक शेजारी असतील आणि रविवारची मिसा चुकवायची नसेल, तर मॉलच्या खालच्या अंगाला सेंट मायकलचं कॅथेड्रल आहे, तिथली वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी. प्रार्थना चालू असताना फोटो काढत फिरू नये, हे गोवेकरांना सांगायला नको.

रिजवर उभं राहून मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. ही धार म्हणजे पाणलोटाची सीमा आहे. एका उतारावरचं पाणी यमुनेतून गंगेला आणि बंगालच्या उपसागराला मिळतं, दुसऱ्या उतारावरचं सतलजमधून सिंधूला आणि अरबी समुद्राला. म्हणजे त्या अंगाला वितळलेला बर्फ शेवटी आपल्याच समुद्रात येतो. थंडीने कंटाळलेली मुलंही हे ऐकून कुठला उतार आपला ते शोधू लागतात. रात्री जेवायला सिड्डू मिळाला तर सोडू नये. कणकेचा आंबवून उकडलेला उंडा, आत खसखस किंवा अक्रोडाचं सारण, वरून तूप. आपल्या हळदीच्या पानातल्या पातोळ्या खाणाऱ्या माणसाला उकडीचा हा प्रकार लगेच जिभेला रुचतो. जाखूच्या मारुतीला जायचं तर चष्मा खिशात ठेवावा, माकडं तो पळवतात.

रविवारच्या बर्फाचा बेत हवामान बघून पक्का करावा. हिमाचलात हिवाळी बर्फ आणतो तो पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राकडून पूर्वेला सरकत येणारं हवेचं कमी दाबाचं क्षेत्र. हवामान खात्याच्या अंदाजात हा शब्द दिसला की दोन-तीन दिवसांत वर बर्फ अपेक्षित धरावा. उंचीचा हिशेबही सोपा आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. सिमला शहर २,२०० मीटरच्या आसपास, कुफ्री आणि नारकंडा सुमारे २,७००. म्हणजे सिमल्याहून तीनेक अंश थंड. शहरात दोन-तीन अंशांवर गार पाऊस पडत असेल, तर वर त्याच वेळी बर्फ पडतो आहे असं समजावं. पावसाने हिरमुसून खोलीत बसणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही. मग कुफ्री की नारकंडा? कुफ्री जवळ, पंधरा किलोमीटरच्या आत, म्हणून सगळे तिकडेच जातात. ढल्लीपासून गाड्यांची रांग लागते आणि वर घोड्यांनी तुडवून बर्फाचा चिखल केलेला असतो. नारकंडा साठेक किलोमीटर दूर, पण बर्फ स्वच्छ आणि वावरायला जागा. आमचं मत ठाम नारकंड्याच्या बाजूने आहे. कुफ्री फक्त वेळच नसेल तर.

गाडी स्वतः चालवू नये. गोव्यात घाट कितीही चालवलेला असो, अनमोड-चोर्ल्याचा सराव इथे कामाला येत नाही. दिवसा रस्त्यावर वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी डांबरावर पातळ काचेसारखा थर राहतो. तो काळाच दिसतो, म्हणून कळत नाही. तिथले चालक त्याला पाला म्हणतात. डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर तो दुपारपर्यंत टिकतो. त्यावर ब्रेक दाबला की चाकं थांबतात, गाडी मात्र घसरत राहते. जाणता चालक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर उतरतो आणि ब्रेकला जवळजवळ हात लावत नाही. म्हणून सिमल्याचाच चालक घ्यावा, चाकांना बांधायच्या साखळ्या गाडीत आहेत का ते विचारावं, आणि तो 'आज पुढे नको' म्हणाला तर वाद घालू नये. निघण्याची वेळ सकाळी आठ. त्याआधी पाला, त्यानंतर फार उशीर केला तर रांग. परतताना चारच्या आत नारकंडा सोडावं, सूर्य गेला की रस्ता पुन्हा गोठू लागतो.

बर्फावर चालणं आपल्याला येतं, फक्त ते आठवायला हवं. श्रावणात शेवाळलेल्या चिऱ्यांवरून विहिरीकडे जसं जातो तसंच: छोटी पावलं, गुडघे किंचित वाकलेले, आख्खं पाऊल एकदम टेकवायचं, हात खिशाबाहेर. मऊ भुसभुशीत बर्फात भीती नाही. तुडवून चकचकीत झालेल्या वाटेवर पडतात ती माणसं. गमबूट नसतील तर बुटावरून जुना लोकरी मोजा चढवावा, पकड पुष्कळ सुधारते. साधी काळी छत्री बरोबर असावी, मिटली की काठी, उघडली की बर्फ अडवते. रेनकोटाची पँट गमबुटाच्या बाहेरून सोडावी, आत खोचली तर वरून पडलेला बर्फ थेट बुटात जातो. काळा चष्मा सगळ्यांना हवा, कारण ताजा बर्फ उन्हातले अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. ढगाळ दिवशीही रात्री डोळे चुरचुरतात. हातमोजे लोकरीचे असतील तर बर्फाचे गोळे करताना दहा मिनिटांत ओले होतात. त्यावर भांडी घासायचे रबरी मोजे एक माप मोठे चढवले की काम होतं. दिसायला बरं नाही, पण मुलांची बोटं लाल होत नाहीत.

फोनची बॅटरी थंडीत पटकन उतरते. तो आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवावा. बाहेरून थेट गरम खोलीत नेला तर काचेच्या आत दव धरतं. आत शिरण्याआधी बंद पिशवीत घालून अर्धा तास तसाच ठेवला तर दव पिशवीवर धरतं, फोनवर नाही. फेणीचा घोट घेऊन ऊब येते हा समज खोटा आहे. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहऱ्याला गरम वाटतं आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. बर्फात असताना गरम सूप किंवा गोड चहा, बाकीचं खोलीवर परतल्यानंतर.

सोमवारी उतरताना घाई होईल असा बेत ठेवू नये. सिमला ते चंदीगड रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आत, मोकळ्या दिवशी चार तास. आम्ही सात तास धरून निघतो. दरड, बर्फ, सोलनजवळची गर्दी, यातलं काहीतरी लागतंच. रात्री मोप्याला उतरल्यावर अंगातलं जाकीट हातात घ्यावं लागतं. वीस-बावीस अंशांची आपली डिसेंबरची रात्र उकाड्यासारखी वाटते, आणि पेडण्यापासून घरापर्यंत दारोदार नखेत्रं, म्हणजे नाताळचे चांदणीच्या आकाराचे कंदील, लागलेली दिसतात.

दुसऱ्या दिवशीचं काम टाळू नये. बुटांतले आतले तळवे काढून वेगळे वाळवावेत, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दर चार तासांनी बदलावेत. थेट कडक उन्हात ठेवले तर चामडं तडकतं आणि डिंक सुटतो. लोकरीचे कपडे कोमट पाण्यात, न पिळता धुवावेत, टॉवेलात गुंडाळून दाबून पाणी काढावं आणि आडवे पसरून वाळवावेत. टांगले तर लांबतात. मग दोन दिवस ऊन देऊन, पूर्ण थंड झाल्यावरच, कडुनिंबाच्या सुक्या पाल्यासकट घट्ट झाकणाच्या डब्यात. कपाटात नुसते ठेवले तर जुलैपर्यंत बुरशी धरते. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या आत, डबा उघडून त्यांना आणखी एकदा ऊन द्यावं.